सांडशी आयुध आहे का?

चोकची तार धुरायला लागली तेव्हा अक्कांच्या ताटातला कापूर अजून पेटलेलाच होता, म्हणून पहिलं मिनिटभर कुणाला काही कळलंच नाही. सगळे हात जोडून उभे. मला मात्र वास वेगळा आला. कापूर कधी जळक्या प्लास्टिकसारखा वास मारतो का?

“अण्णा, सोडा! बटण सोडा!” मी ओरडले.

अण्णांनी स्टार्टरच्या बटणावरचा अंगठा उचलला. डॅशबोर्डमधल्या चोकच्या मुठीपासून धुराची बारीक रेघ निघाली आणि झेंडूच्या माळेत शिरली. इंजिनाने काय केलं होतं? नुसतं ‘टक’. एकदा ‘टक’, दुसऱ्यांदा ‘टक’ आणि तिसऱ्यांदा धूर.

ही गाडी आमची, म्हणजे अगदी खरोखरची आमची. राजाजीनगरच्या आमच्या अंगणात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षं खपून ती बांधली. अण्णा कारखान्यात टर्नर आहेत. इंजिन भंगारातलं, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्यांनी स्वतः वेल्ड केलेली, पत्रा तेलाच्या पिंपांचा. पुढचे दोन दिवे असे डोळे वटारून वर आलेत की बघणारा पहिला शब्द ‘कप्पे’ हाच काढतो. कप्पे म्हणजे कन्नडात बेडूक. तेच नाव पडलं. रस्त्यावर न्यायचे कागद अजून व्हायचे आहेत, त्यामुळे कप्पेची उडी आमच्या अंगणातून गल्लीच्या टोकाच्या मैदानापर्यंत, बस्स.

आणि कप्पेचं वायरिंग माझं! त्रेचाळीस वायरी. नववीची परीक्षा संपल्या दिवसापासून शाळा उघडेपर्यंत मी दुसरं काहीही केलेलं नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सोल्डरिंग शिकले होते, ते घरी येऊन अण्णांना करून दाखवलं. त्यांनी सांधा दोन्हीकडून ओढून बघितला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “संयू, गाडीचं वायरिंग तूच कर. माझी बोटं जाड आहेत.” बोटं जाड आहेत म्हणे! त्याच बोटांनी ते केसाएवढी जाडी मोजतात. पण मी वाद घातला नाही. प्रत्येक वायरीला मी कागदाची चिठ्ठी लावली, तिच्यावर आकडा टाकला, वरून चिकटपट्टी, आणि सगळ्यांचा नकाशा माझ्या भूगोलाच्या वहीत मागच्या बाजूने.

कालपर्यंत कप्पे एका बटणात सुरू होत होती. आणि आज, खंडेपूजेच्या दिवशी, अर्धी गल्ली बघायला आलेली असताना, टक.

“मी म्हनलोच होतो,” कल्लाप्पामामा म्हणाले.

कल्लाप्पामामा मूळचे निपाणीकडचे. आमच्या कोपऱ्यावर त्यांचं गाड्यांच्या विजेच्या कामाचं दुकान आहे. एप्रिलमध्ये कप्पेचं काम मलाच द्या म्हणून ते दोनदा आले होते. आज ते प्रसादाला आले होते, पण चेहरा असा की जणू प्रसाद मिळालाच.

“हे बघा प्रतापराव,” ते अण्णांना म्हणाले, “पोरगी हुशार हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर चिठ्ठ्या लावून वायरिंग होतंय व्हय? कुटंतरी आत जळालंय. आता एक वायर धरून बसायचं न्हाई. परवा मी येतो, सगळं उपटून काढतो, नवं घालतो. एका दिवसात काम.”

“सगळं?” मी म्हटलं.

“सगळं.”

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील, छे छे, काहीतरीच काय. अण्णा धुराकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “सरी, कल्लाप्पा. बघ तूच.”

सरी, म्हणजे बरं! एवढासा तो शब्द, आणि माझ्या त्रेचाळीस वायरी गेल्या.

मी रडले नाही. आधी रडले असते, म्हणजे आठवीत वगैरे. आता मी म्हटलं, “परवा म्हणजे परवा ना मामा? मग आज गाडी माझी आहे.”

“आज काय करणार बाय तू? आज खंडेपूजा.”

इथे खरी पंचाईत होती. खंडेपूजेला, म्हणजे ज्याला गल्लीत सगळे आयुधपूजा म्हणतात, त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. सकाळीच सगळी हत्यारं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून मांडली की दुसऱ्या दिवशीची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे म्हणे पूर्वी तलवार मांडत. आता तलवारीच्या जागी अण्णांचा जाडी मोजायचा व्हर्नियर असतो आणि त्याच्या आजूबाजूला पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडे, माझं सोल्डरिंग आयर्न, झालंच तर विळी आणि शिवणाची कात्री. सगळे कुंकू लावून झोपलेले. आणि त्यांच्यावर पहारा आमच्या अक्कांचा.

अक्का म्हणजे सकवारबाई, अण्णांची थोरली बहीण. मला त्या आत्या लागतात, पण सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून मीही अक्काच म्हणते.

“अक्का, फक्त चौदा नंबरचा पाना,” मी म्हटलं.

“नाही.”

“स्वल्प वेळ. लावून लगेच परत ठेवते, कुंकू पण पुसू देत नाही.”

“शहाजीराजांबरोबर आपण या गावात आलो तेव्हापासून आपल्या घरात खंडेपूजेला कुणी हत्यार उचललं नाही. तुझ्या बेडकासाठी उचलू?”

“लढाई आली असती तर उचललं असतं की!”

“लढाई आहे का?”

मी कल्लाप्पामामांकडे बघितलं. ते केळं सोलत होते.

“अक्का,” कोणीतरी मागून म्हणालं, “ढकलून लिंबांवरून नेऊ की गाडी. लिंबं फुटली म्हणजे झालं.” चारही चाकांखाली चार लिंबं ठेवलेली होती. पूजा झाली की गाडी त्यांच्यावरून पुढे जाते, तोवर पूजा पुरी होत नाही.

“ढकलून?” अक्का वळल्या. “मग पूजा गाडीची करायची की ढकलणाऱ्यांची? ती आपल्या पायांनी जाईल. दीड वाजता राहुकाळ लागतो, त्याच्या आत.”

घड्याळात पाऊण वाजला होता.

तर आता ऐका. पाना नाही, पक्कड नाही, टेस्टर नाही. पण डोळे तर पूजेत मांडले नव्हते! मी कप्पेत बसले आणि हॉर्न वाजवला. असा खणखणीत वाजला की प्रसादाच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या रांग सोडून मागे सरकल्या. दिवे लावले. लख्ख. मग दिवे चालू ठेवूनच स्टार्टरचं बटण अगदी क्षणभर दाबलं. टक. आणि दिवे? दिवे तसेच लख्ख.

“मामा, बघितलंत? दिवे मंद झाले नाहीत!”

“बरं मग?”

“बॅटरी मेलेली असती तर झाले असते. स्टार्टर वीज ओढत असता तरी झाले असते. तो ओढतच नाही.”

“तेच सांगतोय की, वायर तुटली.”

“मग चोकची तार का तापली?”

मामा केळं खायचे थांबले.

कारण चोकची तार माझ्या त्रेचाळिसांत नाहीच! तिला नंबर नाही, चिठ्ठी नाही. ती विजेची वायरच नव्हे. ती नुसती एक लोखंडी तार, प्लास्टिकच्या नळीतून जाणारी. इकडून मूठ ओढली की तिकडे इंजिनाच्या कार्ब्युरेटरवरची झडप मिटते. विहिरीच्या रहाटाला दोर असतो ना, तसा तिचा धंदा. मग दोराला शॉक का बसावा?

मी सीटवर बसून डोळे मिटले आणि वीज झाले. खरंच, मी असंच करते. मी बॅटरीच्या प्लसमधून निघाले, जाड लाल वायरीतून (नंबर एक) धावत स्टार्टरमध्ये आले. स्टार्टर इंजिनावर बसवलेला. आता मला परत घरी, बॅटरीच्या मायनसला जायचंय. गाडीत परतीची वायर नसते, गाडीचं लोखंड हीच परतीची वाट. तिला अर्थ म्हणतात. पण इंजिन थरथरतं म्हणून ते रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं, आणि रबरातून मला जाता येत नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. हाच माझा पूल. पण समजा पूल बंद असेल, तर एवढी मोठी मी कुठून जाईन? सापडेल त्या पायवाटेने! इंजिनाला आणि डॅशबोर्डला जोडणारी दुसरी लोखंडी वस्तू कोणती? चोकची तार. बिचारी. तिच्यातून हत्ती न्यायला निघाले होते मी.

मी टुणकन उडी मारून उतरले आणि इंजिनात डोकं घातलं.

पट्टी जागेवर होती. दोन्हीकडे बोल्ट होते. बोटांनी हलवून बघितले, गच्च. पण सगळं काही चांदीसारखं चमकत होतं. इंजिन चांदी, चासी चांदी, पट्टीची दोन्ही टोकं चांदी, बोल्टची डोकी चांदी. काल संध्याकाळी मी शिकवणीहून आले तेव्हा अंगणात चंदेरी रंगाचा डबा उघडा होता आणि अण्णा नाकाला रंग लावून गात होते. त्यांच्या कारखान्यात आयुधपूजेच्या आधी प्रत्येक मशीनला नवा रंग देतात. कामगार आपापलं मशीन स्वतः रंगवतात, त्यात चुरस असते, आणि गेली नऊ वर्षं सगळ्यात चकाचक लेथ अण्णांची. मग स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी ते तशीच पूजेला बसवतील?

“अण्णा,” मी डोकं न काढताच विचारलं, “ही पट्टी काढून रंग लावलात?”

“मग!” अण्णांचा आवाज इतक्या वेळात पहिल्यांदा खुलला. “वरवर रंगवणाऱ्यातला नाही मी. पट्टी काढली, खाली दोन हात दिले, पट्टीच्या टोकांना दिले, बोल्टच्या पेचांत सुद्धा ब्रश फिरवला. आता दहा वर्षं गंज येणार नाही.”

अय्यो अण्णा!

रंग म्हणजे विजेला रबरासारखाच. खाली दोन हात, टोकांना दोन हात, पेचांत ब्रश. अण्णांनी पूल बांधून ठेवला होता आणि त्याच्या दोन्ही तोंडांना भिंती घातल्या होत्या, त्याही इतक्या प्रेमाने की एक फट सोडली नव्हती.

मला दोन मिनिटांपूर्वी वाटत होतं की कारण सापडलं की मी अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडेन. आता सापडलं, आणि ओरडता येईना. अण्णा रंगाबद्दल बोलताना कसे दिसतात ते मला माहीत आहे. त्यात गल्ली समोर, आणि कल्लाप्पामामा तर समोरच. मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, “अण्णा, अर्थ मिळत नाहीये. रंगामुळे.”

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. पण मामांचे कान विजेच्या माणसाचे.

“रंगानं काय होतंय?” ते मोठ्याने म्हणाले. “बोल्ट घट्ट हाय की! बोल्ट घट्ट असला की अर्थ मिळतोय. तीस वर्षं झाली मला. पोरगी आता बापाच्या रंगावर ढकलायला लागली बघा.”

“अर्थ नाही म्हणजे काय गं?” अक्कांनी विचारलं. “मला तर या सगळ्या बोलण्यातच नाही लागला.”

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, “नक्की, संयू?”

“नक्की.”

“मग उद्या उत्तरपूजा झाली की पट्टी खोलून बघू.”

“उद्या नको, अण्णा. उद्या पट्टी घासली आणि परवा मामांनी वायरी उपटल्या, की गाडी कशाने चालली ते कोण सांगणार? सगळे म्हणतील, कल्लाप्पामामांचं नवं वायरिंग. मला आजच दाखवायचंय.”

“दाखव की,” मामा म्हणाले. “हत्याराशिवाय. माझी बी हत्यारं दुकानात पूजेत हायत, मागायला येऊ नको.”

आता मला काय हवं होतं? बंद पुलाच्या ऐवजी एक दुसरा पूल, फक्त पाच सेकंदांसाठी. जाड, लोखंडी, इंजिनापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत पोचणारा. सुदैवाने स्टार्टरचं अंग उघडं होतं, कारण रंगवताना अण्णांनी त्याच्यावर वर्तमानपत्र बांधलं होतं. आणि बॅटरी त्याच्या शेजारीच, वीतभर अंतरावर. वीतभर लोखंड! मी अंगणभर बघत सुटले. पाने, कुंकू लावलेले. कोयता, कुंकू लावलेला. देवाची घंटा? अक्कांनी माझी नजर पकडली आणि घंटा पदराखाली घेतली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. तिच्या हातात कॉफीचं भलं मोठं पातेलं होतं आणि पातेल्याच्या काठाला सांडशी.

“आई! हलू नकोस!”

आई हललीच नाही. पातेलं मात्र हललं.

“ती सांडशी दे.”

“आणि हे काय दातांनी धरू?”

आईने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि सांडशी माझ्या हातात आली. चांगली जुनी, जाड, लांब दांड्यांची. मी निघाले, तर अक्कांचा हात आडवा.

“सांडशी आयुध आहे.”

“नाही अक्का, भांडं आहे.”

“भांडं कसं? धरायच्या कामाची वस्तू म्हणजे हत्यार. पक्कड हत्यार, तर सांडशी पक्कडीची आईच.”

“पण विळी मांडली, कात्री मांडली, तशी सांडशी कुठे मांडलीत?” आईने विचारलं.

अक्कांनी मांडलेल्या हत्यारांवरून नजर फिरवली. सगळं अंगण त्यांच्याकडे बघायला लागलं. कल्लाप्पामामासुद्धा. एक वाजून गेला होता.

“सकाळी हिने मागितली होती,” अक्का सावकाश म्हणाल्या. “म्हणाली, कॉफी कशाने उतरवू. म्हणून नाही मांडली.”

“म्हणजे कुंकू नाही लागलं,” मी म्हटलं.

“नाही लागलं.”

“म्हणजे सुट्टी नाही.”

अक्कांनी सांडशीकडे असं बघितलं जणू ती बोलणार आहे. मग पदर खोचला. “नाही. तिची आज ड्यूटी आहे. चल, ने.”

मी हातातल्या बांगड्या काढून आईकडे दिल्या. सांडशी कोरडी पुसली. टॉवेलची चौपदरी घडी केली, कारण एवढी वीज गेली की लोखंड तापतं, आणि मला माझी बोटं पुढेही लागणार आहेत. मग वाकून बॅटरीचं मायनसचं टोक सांडशीच्या तोंडात पकडलं, पातेल्याचा काठ पकडावा तसं, आणि तिच्या दांड्यांची टोकं स्टार्टरच्या उघड्या अंगावर दाबून धरली. प्लसच्या टोकावर आधीच रबराचं टोपण होतं, तरी मी दुसऱ्यांदा बघून घेतलं.

“मामा, तुम्ही चोकच्या तारेवर बोट ठेवा.”

“मी?”

“तापली तर वायरी तुमच्या.”

मामांनी बोट ठेवलं, पण असं की केव्हाही काढता येईल.

“अण्णा, दाबा!”

टक झालं नाही. चर्र झालं! दांड्यांच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली, टॉवेलमधून मला ऊब लागली, आणि कप्पे एकदा गुरगुरली, दुसऱ्यांदा गुरगुरली आणि भर्रर्र करून अशी सुरू झाली की माझ्या कानाजवळ पंखाच फिरायला लागला. मी सांडशी घेऊन मागे उडी मारली. इंजिन चालूच राहिलं, कारण एकदा फिरायला लागलं की त्याला हत्तीएवढी वीज लागत नाही, ती चोकच्या पायवाटेनेही आरामात जाते.

“गिअर टाका, अण्णा! लिंबं!”

अण्णांनी क्लच सोडला आणि कप्पे आपल्या पायांनी पुढे गेली. फट्, फट्, आणि मागची दोन्ही एकदम, फट्! कुणीतरी शिट्टी मारली. अक्कांनी घंटा पदराखालून काढून जोरजोरात वाजवली. आई म्हणाली, “आता सांडशी देतेस का, कॉफीवर साय धरली.”

अण्णा मैदानापर्यंत जाऊन परत आले. इंजिन बंद न करता खाली उतरले आणि सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने, म्हणाले, “कल्लाप्पा, चूक माझी होती. रंग माझा होता. वायरिंगला हात लावायचा नाही.”

मामा आपलं बोट बघत होते. मग त्यांनी चोकची तार पुन्हा चाचपली आणि मला म्हणाले, “गार हाय.” आणि थोडं थांबून, “मला एक सांग बाय. त्या चिठ्ठ्या पावसात भिजत न्हाईत?”

“वरून चिकटपट्टी आहे.”

“हां,” ते म्हणाले, आणि कॉफीकडे गेले. जाता जाता इंजिनात डोकावून त्यांनी तीन-चार नंबर वाचले. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्याबरोबर अण्णांनी कुंकवासकट चौदा नंबरचा पाना माझ्या हातात दिला. पट्टी सुटली. खाली खरंच एवढा सुंदर रंग होता की मला वाईट वाटलं. मी पॉलिश कागद घेतला आणि घासायला लागले. अण्णा शेजारी उभे, आणि प्रत्येक खर्र खर्रला त्यांचे दात शिरशिरत होते.

“झालं की, संयू.”

“अजून नाही. लोखंड दिसलं पाहिजे. नुसतं पांढुरकं नको, चकचकीत.”

“गंज चढेल गं.”

“घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावते. पाणी जाणार नाही.”

ते आत गेले. मी बोल्टचे पेच घासले, पट्टीची टोकं घासली, सगळं पुन्हा बसवलं, पाना ओढला आणि आणखी एकदा ओढला. वर बघितलं तर अण्णांच्या हातात ब्रश होता आणि पायाशी चंदेरी रंगाचा डबा.

“कडेकडेने?” त्यांनी विचारलं. “जिथे घासलंस तिथे नाही. बाहेरून, गोल?”

मी पाना बाजूला ठेवला आणि बोटाने त्यांना रेघ आखून दाखवली, इथपर्यंत. अण्णा गुडघ्यावर बसले, चष्मा वर सरकवला, आणि श्वास रोखून त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूने ब्रश फिरवायला लागले.